घरच्या कुत्र्याला क्लिनिकल ट्रायलमध्ये घालावं का? इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा खंडू संधिवाताच्या एका ट्रायलमध्ये होता. लॅब्रॅडॉर, वय तेव्हा दहा, वजन ३४ किलो. (होळकरांच्या गावात कुत्र्याचं नाव याहून वेगळं काय ठेवणार!) ही बातमी लोकमान्य नगरातून पार सुदामा नगरापर्यंत पोचली आणि तेव्हापासून पोळ्या लाटताना फोन, भाजी घेताना प्रश्न. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे ट्रायलमागचा हिशेब मला कळतो. औषधांचं मी डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकदाच लिहून काढते.

१. क्लिनिकल ट्रायल म्हणजे आमच्या कुत्र्यावर प्रयोग करणार का?

प्रयोग म्हटलं की डोळ्यांसमोर पिंजरा येतो. पिंजऱ्यातल्या बीगलची गोष्ट वेगळी. तिथे प्राणी निरोगी असतो आणि औषध किंवा आजार त्याला मुद्दाम दिलेला असतो. इथे कुत्रा तुमचा, आजार त्याला आपसूक झालेला, आणि रात्री तो झोपणार तुमच्याच पलंगाखाली. ठरलेल्या तारखांना तुम्ही त्याला दवाखान्यात नेता. तिथे तपासणी होते, औषध मिळतं, नोंदी होतात.

तरीही हा प्रयोगच आहे, हे गोड शब्दांत झाकू नये. जे औषध लागू पडतं की नाही हेच शोधायचं आहे, ते तुमच्या कुत्र्याला दिलं जाणार असतं. म्हणून तर सही घेतात (प्रश्न ९).

२. यातून फायदा कुणाचा? कुत्र्याचा, कंपनीचा की माणसांचा?

तिघांचाही होऊ शकतो, पण तुमच्याच कुत्र्याचा होईल याची हमी कुणी देत नाही. आज डॉक्टर सहज लिहून देतात ती औषधं कुणाच्या तरी घरच्या कुत्र्यांवर तपासूनच आली आहेत. म्हाताऱ्या, लहान चणीच्या कुत्र्यांच्या हृदयाची झडप गळायला लागते. अशांसाठी पिमोबेंडन नावाची गोळी आहे. हृदय मोठं झालंय पण दम लागणं अजून सुरू झालेलं नाही, अशा वेळी ती द्यावी की नाही यावर डॉक्टरांत वाद होता. मग ११ देशांतल्या ३६ केंद्रांत ३६० कुत्र्यांवर ‘एपिक’ नावाची ट्रायल झाली. गोळीने हृदय निकामी होण्याची वेळ साधारण १५ महिने पुढे ढकलली जाते, असं २०१६ मध्ये जाहीर झालं. फायदा इतका उघड होता की ट्रायल ठरल्याआधीच थांबवली. पंधरा महिने म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात केवढे, ते पाळणाऱ्याला सांगायला नको.

माणसांचं म्हणाल, तर लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) आणि हाडांचा कॅन्सर कुत्र्यांनाही आपल्यासारखाच, आपोआप होतो, त्यामुळे कुत्र्यांत जे कळतं ते माणसांनाही उपयोगी पडू शकतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने त्यासाठी २००३ मध्ये पशुवैद्यकीय केंद्रांचं एक जाळंच उभं केलं. कुत्र्यांच्या कॅन्सरसाठी म्हणून खास मंजूर झालेलं तिथलं पहिलं औषध, टोसेरानिब, २००९ मध्ये आलं.

३. इंदूरच्या जवळपास असं कुठे होतं?

सगळ्यात जवळ महू. तिथलं व्हेटरनरी कॉलेज १९५५ चं. राऊवरून गाडीने गेलं तर तासाभरात पोचता. ते ज्या विद्यापीठाखाली येतं ते नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठ जबलपूरला आहे. गुजरातेत आणंद, मुंबईत परळचं कॉलेज (१८८६ पासूनचं), उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था, या मोठ्या जागा.

एक गैरसमज इथेच काढते. आपल्याकडे ‘ट्रायल’ म्हणजे बहुतेक वेळा परदेशी कंपनीचं नवं औषध नसतं. एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करणारा मुलगा किंवा मुलगी प्रबंधासाठी अभ्यास करत असते. ओपीडीत येणाऱ्या कुत्र्यांतून सहा-सहा, आठ-आठचे गट पाडतात आणि दोन-तीन उपचारांची तुलना करतात. अभ्यास छोटा असतो, पण विद्यार्थी तुमच्या कुत्र्याकडे जेवढं लक्ष देतो तेवढं कुणी देत नाही. त्याची डिग्रीच त्यावर असते ना!

याची जाहिरात होत नाही. सरकारी क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री माणसांच्या ट्रायलसाठी आहे, तिथे कुत्रा शोधू नका. कॉलेजच्या ओपीडीत जाऊन मेडिसिन किंवा सर्जरी विभागात सरळ विचारायचं: या आजारावर सध्या कुणाचा अभ्यास चालू आहे का? मे महिन्यात जाणार असाल तर पहाटे निघा. अकरानंतरच्या उन्हात धापा टाकत पोचलेल्या कुत्र्याचं तापमान आणि नाडी काय कामाची?

४. कोणत्या आजारांसाठी कुत्रे घेतात?

जे आजार इथे सतत दिसतात, त्यांच्यासाठी. गोचिडांमुळे होणारा ताप (एर्लिकिया, बॅबेसिया), त्वचेची खाज आणि बुरशी, पिल्लांचा पार्व्हो, कुत्रीच्या स्तनातल्या गाठी, सांधेदुखी, मूत्रपिंडाचे आजार, फिट्स. परदेशात कॅन्सर आणि म्हातारपण यांवर जास्त भर दिसतो.

ज्या आजाराला खात्रीचा इलाज आहे तिथे नवं काही घ्यायला मात्र दहादा विचार करा. संबंधातून पसरणारी जननेंद्रियाची गाठ आपल्याकडच्या कुत्र्यांत भरपूर दिसते. आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टिनची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्रे बरे होतात. तिथे कुणी ‘नवं काहीतरी करून पाहू’ म्हणालं, तर आधी त्याला ‘का?’ असं विचारायचं.

५. आमच्या कुत्र्याला आजार तोच आहे, तरी घेतलं नाही. असं का?

निकष असतात म्हणून. वय, वजन, आजाराचा टप्पा, लिव्हर-किडनीचे आकडे, रेबीजची लस झालेली असणं, स्वभाव (चावरा कुत्रा दर पंधरा दिवसांनी कोण धरणार?), आणि मालक ठरलेल्या तारखांना येईल का, हेही. समजा सांधेदुखीचा अभ्यास आहे आणि कुत्र्याला थायरॉइडही आहे. तो लंगडायचा थांबला तर श्रेय कुणाला द्यायचं? म्हणून त्याला बाहेर ठेवतात. नाकारलं म्हणजे तुमच्या कुत्र्यात खोट आहे असं नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी ते फार मनाला लावून घेतलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

६. सगळं फुकट असतं का?

अभ्यासाचं औषध आणि त्यासाठीच्या जास्तीच्या तपासण्या बहुतेक वेळा मोफत असतात. आजाराचं निदान होईपर्यंतचा खर्च, नेहमीची इतर औषधं, पेट्रोल आणि तुमचे रजेचे दिवस तुमचे. कॉलेजच्या छोट्या अभ्यासात काही औषधं बाहेरून आणायला सांगतात. हे आधीच कागदावर मागून घ्या. ‘बघू नंतर’ चालत नाही, नंतर दोन्ही बाजूंचं तोंड कडू होतं. उलट ट्रायलसाठी कुणी मोठी रक्कम मागत असेल, तर थेट प्रश्न १८ वाचा.

७. प्लॅसिबो म्हणजे खोटं औषध ना? माझ्या आजारी कुत्र्याला खोटं औषध का देऊ?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग रास्त आहे.

आधी चिठ्ठ्यांचं सांगते. कोणत्या कुत्र्याला काय मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, सोडत ठरवते. डॉक्टरांवर सोपवलं तर ते नकळत बऱ्या प्रकृतीच्या कुत्र्यांना नवं औषध देतील, आणि मग औषध चांगलं होतं की कुत्रेच धट्टेकट्टे होते, हे कळायला मार्ग उरणार नाही. सोडतीत एक गट नव्या औषधाचा. दुसऱ्याला नेहमीचं औषध, किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. हीच प्लॅसिबो.

पण कुत्र्याला कुठे कळतं गोळीत काय आहे? मग प्लॅसिबो हवाच कशाला? याचं उत्तर फिट्सच्या आजारात चांगलं दिसतं. अपस्माराच्या कुत्र्यांवरच्या तीन ट्रायलींमध्ये ज्यांना नुसती प्लॅसिबो मिळाली त्यांचे आकडे २०१० मध्ये एकत्र तपासले गेले. त्यांतल्या ७९ टक्के कुत्र्यांच्या फिट्स कमी झाल्या होत्या! जादू नव्हे. आपण ट्रायलकडे धावतो केव्हा? आजार शिगेला पोचल्यावर. शिगेला पोचलेली गोष्ट पुढच्या महिन्यात थोडी खाली येतेच. शिवाय ट्रायलमध्ये असताना गोळ्या वेळेवर दिल्या जातात, एरवी चुकतात. तुलनेला दुसरा गट नसता, तर या सगळ्याचं श्रेय नव्या औषधाने लाटलं असतं.

न्याय्य ट्रायलमध्ये कुत्र्याला उघड्यावर सोडत नाहीत. वेदना असेल तर वेदनाशामक द्यायची मुभा असते, किंवा नेहमीच्या औषधावर वरून नवं औषध किंवा प्लॅसिबो देतात. मास्ट सेल ट्यूमर या त्वचेच्या कॅन्सरच्या गाठीवर टिगिलानॉल टिग्लेट हे गाठीत टोचायचं औषध आहे. त्याच्या ट्रायलमध्ये पहिल्या टप्प्यात लुटुपुटूचं इंजेक्शन मिळालेल्या कुत्र्यांना पुढच्या टप्प्यात खरं औषध घेता येत होतं. (चार आठवड्यांनी औषधवाल्या गटात ७५ टक्के कुत्र्यांची गाठ पूर्ण गेलेली होती, दुसऱ्या गटात ५ टक्के.) तुम्हीही विचारा: आमच्या वाट्याला प्लॅसिबो आली, तर शेवटी खरं औषध मिळेल का? आणि तोवर त्याला दुखलं तर काय द्यायचं?

८. पण आपला कुत्रा सुधारला की नाही, हे आपल्याला कळतंच ना?

मलाही तसंच वाटायचं.

खंडूच्या ट्रायलमध्ये रोज डायरी लिहायची होती. आमच्या घराला चौदा पायऱ्या. तो कितव्या पायरीवर थांबतो, उठताना मागचे पाय घसरतात का, सकाळच्या फेरीत किती वेळा बसतो, हे मी पेन्सिलीने लिहायचे. पहिल्या आठवड्यात ‘सहाव्या पायरीवर थांबला, मागे वळून बघितलं’. तिसऱ्या आठवड्यात ‘दहावीपर्यंत न थांबता!’ उद्गारचिन्ह माझंच. चौथ्यात मी लिहिलं आहे की डोळ्यांत पूर्वीची चमक आली. चमक कोणत्या पट्टीने मोजली, देव जाणे.

दवाखान्यात त्याला जमिनीत बसवलेल्या एका पट्ट्यावरून चालवत. कोणत्या पायावर किती भार पडतो ते तो पट्टा मोजतो. सहा महिन्यांनी कोड, म्हणजे कुणाला काय मिळालं याची गुप्त यादी, उघडला. खंडू प्लॅसिबोच्या गटात होता. पट्ट्याच्या आकड्यांत पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. मी डायरी काढून पुन्हा वाचली. दहावी पायरी खोटी नव्हती, पण त्याच आठवड्यात मी वर उभी राहून हातात बिस्किट धरायला लागले होते. ते मात्र लिहायचं राहिलं होतं.

मी एकटी नाही, हे नंतर कळलं. लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांचा असाच अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लॅसिबो चालू असताना मालकांनी ५७ टक्के वेळा ‘सुधारला’ असा भास करून घेतला होता. तपासणाऱ्या डॉक्टरांचंही प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणून मालक आणि डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवतात. डायरी लिहाल तेव्हा ‘बरा वाटतो’ लिहू नका. पायऱ्या मोजा, मिनिटं मोजा, आणि बिस्किटाचंही लिहा.

९. संमतीपत्रात काय बघायचं? पाच पानं इंग्रजी असतं.

हिंदीत मागा, नाही तर विद्यार्थ्याला शेजारी बसवून एकेक ओळ समजावून घ्या. लाजायचं कारण नाही. मला महत्त्वाच्या वाटतात त्या गोष्टी अशा: किती फेऱ्या, काय काय टोचणार, भूल द्यावी लागणार का, कोणते दुष्परिणाम आधी दिसले आहेत, त्रास झाला तर उपचाराचा खर्च कोण करणार, मध्येच सोडता येईल का, आणि रक्ताचे किंवा गाठीचे नमुने पुढे दुसऱ्या संशोधनाला वापरणार का. घरी न्यायला प्रत द्यायला कुणी कां-कूं करत असेल, तर सही न करता परत या.

घरात दोघांपैकी एकाचं मन नसेल, तर थांबा. कुत्रा दोघांचा असतो. त्रास झाला की ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य वर्षानुवर्षं पुरतं.

१०. चालू असलेली औषधं बंद करावी लागतात का?

काही वेळा. याला वॉशआउट म्हणतात: जुन्या औषधाचा असर अंगातून उतरेपर्यंत थांबायचं. खाजेच्या अभ्यासात स्टेरॉइड असेल तर काही आठवडे. हा काळ वाईट जातो, कुत्रा रात्रभर खाजवतो आणि सगळं घर जागं. पण ही सुट्टी डॉक्टरांनीच द्यायची. स्टेरॉइड किंवा फिट्सची गोळी आपल्या मनाने एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. आयुर्वेदिक चूर्ण, हळदीच्या गोळ्या, हाडांसाठीची पावडर, हेही औषधच समजून सांगून टाका. लोक नेमकं हेच सांगत नाहीत.

११. मध्येच नको वाटलं तर?

सोडा. कारणही द्यायला लागत नाही आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होऊ नयेत. फक्त न सांगता गायब होऊ नका. एक फोन करा, औषध एकदम थांबवायचं की हळूहळू ते विचारा (वर प्रश्न १० मधलं कारण इथेही लागू), आणि जमलं तर एक शेवटची तपासणी करून घ्या. सहांच्या गटातला एक कुत्रा न कळवता गेला, तर त्या विद्यार्थ्याचं वर्ष वाया जाऊ शकतं.

१२. साइड इफेक्ट झाला तर? रात्री दोन वाजता काय करायचं?

उलट्या, जुलाब, भूक मरणं, सुस्ती हे नेहमीचे. कॅन्सरच्या औषधांत पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. ट्रायलचं नाव, औषधाचं नाव किंवा कोड आणि विभागाचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड गळ्यातल्या पट्ट्याच्या डबीत किंवा तुमच्या पाकिटात ठेवा. रात्री इंदूरातल्या ज्या दवाखान्यात न्याल, तिथल्या डॉक्टरांना ते दाखवा. गरज पडली तर त्या एका कुत्र्यापुरता कोड उघडता येतो, तशी सोय आधीच केलेली असते.

घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. ट्रायल असो नसो, कुत्र्याला ती विषासारखी बाधू शकतात.

१३. सारखं रक्त काढतात. अशक्तपणा येणार नाही?

कुत्र्याच्या अंगात दर किलोला साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. २० किलोच्या कुत्र्यात दीड लिटरच्या वर. एका वेळी पाच मिलिलिटर म्हणजे एक चमचा. मोठ्या कुत्र्याला काही होत नाही. दीड किलोच्या पिल्लाचं किंवा आधीच रक्त कमी असलेल्या गोचीडतापाच्या पेशंटचं तसं नाही, तिथे किती वेळा आणि किती काढणार ते विचारा. पुढच्या पायावरचे केस भादरतात, तेवढा चौकोन दोन-तीन महिने दिसत राहतो.

१४. आमचा देशी आहे. घेतील का?

आनंदाने. जातिवंतच पाहिजे अशी अट सहसा नसते. जातीचा प्रश्न उलट बाजूने येतो. कोली आणि तिच्या नात्यातल्या जातींत एका जनुकातला दोष आढळतो. त्यामुळे आयव्हरमेक्टिनसारखी औषधं जास्त मात्रेत मेंदूपर्यंत पोचून घात करू शकतात. घरी कोली असेल आणि ट्रायल गोचीड-खरूज अशा परोपजीवींच्या औषधाची असेल, तर हे आपणहून सांगा.

१५. आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला खायला मीच घालते. त्याला नेऊ का?

भावना कळते. पण संमती कोण देणार, रोजची गोळी कोण देणार, आणि बाराव्या दिवशी तो छत्रीबागेकडे निघून गेला तर शोधणार कोण? आधी रीतसर घरी घ्या, मग बोलू. त्याला आत्ता उपचार हवा असेल, तर साध्या ओपीडीत न्या. तिथे कसलीच अट नाही.

१६. पिल्लू, गाभण कुत्री, किंवा एकाच वेळी दोन ट्रायल?

गाभण आणि दूध पाजणारी, दोन्ही जवळपास नेहमीच बाहेर. पिल्लं फक्त पिल्लांच्या आजारांच्या अभ्यासात. दोन ट्रायल एकदम नाहीत. एकीचं दुसरीला लपवलंत, तर दोन्हींचे आकडे खराब होतात.

१७. याला सरकारी परवानगी लागते का? कुणी देखरेख करतं का?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याच्या कलम १५ खाली केंद्राची एक समिती आहे, सीसीएसईए (जुनं नाव सीपीसीएसईए), आणि प्रयोगांसाठीचे नियम १९९८ चे. नोंदणीकृत संस्थेत एक प्राणी-नीती समिती असते. तिच्यात बाहेरचा शास्त्रज्ञ, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी आणि शास्त्राबाहेरचा, समाजाची जाण असलेला एक माणूसही लागतो. तुम्ही एवढंच विचारायचं: या अभ्यासाला समितीची मंजुरी आहे का, आणि तिचा क्रमांक काय? ज्याच्याकडे आहे तो दोन मिनिटांत दाखवतो.

१८. एका खासगी दवाखान्याने ‘स्टेम सेलची ट्रायल’ म्हणून आगाऊ पैसे मागितले. द्यावेत?

माझं स्पष्ट मत: नाही. पैसे घेऊन, सगळ्यांना तेच औषध देऊन, तुलनेला दुसरा गट न ठेवता, लेखी योजना न दाखवता जे चालतं ती विक्री. तिला ट्रायल म्हटलं की बरं न झाल्याची जबाबदारी टळते आणि बरं झालं तर जाहिरात होते. आमच्या ओळखीतल्या एकांनी कंबरेतून अधू झालेल्या डॅशहुंडसाठी दागिना मोडला. तीन इंजेक्शनं झाली. रिपोर्ट मागितला तर व्हॉट्सॅपवर दुसऱ्याच कुणाच्या कुत्र्याचा धावतानाचा व्हिडिओ आला.

स्टेम सेलवर जगभर खरं संशोधन चालू आहे, त्याबद्दल वाद नाही. पण प्रश्न ९ आणि १७ मधली कागदपत्रं मागा. समोरचा चिडला तर तेच उत्तर समजा.

१९. कुत्र्याचं आयुष्य वाढवणारी गोळी आली म्हणतात?

तपासली जाते आहे. अमेरिकेत डॉग एजिंग प्रोजेक्ट नावाचा मोठा अभ्यास आहे. त्याच्या एका शाखेत रॅपामायसिन हे माणसांत अवयवरोपणानंतर वापरलं जाणारं औषध मोठ्या चणीच्या, मध्यमवयीन कुत्र्यांवर तपासतात. एका कंपनीनेही वयस्क कुत्र्यांसाठीच्या गोळीची हजारावर कुत्र्यांची ट्रायल तिथल्या दवाखान्यांतून सुरू केली. इंदूरातून यांत भाग घेता येत नाही, कारण तपासणी समक्षच करतात. आणि कुणी औषधाच्या दुकानातून माणसांचं सिरोलिमस (हे रॅपामायसिनचंच दुसरं नाव) आणून देत असेल, तर तो मूर्खपणा आहे. ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे.

२०. ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहतं का? निकाल कळतो का?

औषध बाजारात नसेल तर बहुधा नाही. लागू पडलेलं औषध असं तोडावं लागलं की फार चुटपुट लागते, म्हणून हेही सही करण्याआधी विचारा. निकाल आपण होऊन कुणी कळवत नाही. एम.व्ही.एस्सी.चे प्रबंध ‘कृषिकोश’ या संकेतस्थळावर ठेवले जातात. विद्यार्थ्याचं नाव आणि विषय लिहून ठेवलात तर वर्षा-दोन वर्षांनी तिथे शोधता येतं. तुमच्या कुत्र्याचं नाव तिथे नसतं, गट आणि क्रमांक असतो.

२१. ट्रायल चालू असताना कुत्रा गेला तर शवविच्छेदन करावंच लागतं का?

सक्ती नाही, विनंती असते. त्या क्षणी डोकं चालत नाही, म्हणून हो की नाही ते पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. द्यायचं ठरलं, तर लगेच कळवा. देह थंड जागी, बर्फाच्या पिशव्यांत ठेवायचा, पण फ्रीझरमध्ये गोठवायचा नाही. गोठलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. देह परत मिळेल का, अस्थी मिळतील का, हे विचारायला संकोच नको. ‘नाही’ म्हणालात तरी कुणी वाईट म्हणणार नाही. आमच्यावर ती वेळ ट्रायल संपल्यावर वर्षाने आली, आणि आम्ही नाही म्हटलं.

२२. ट्रायलच्या काळात पोहे-जिलबी चालेल का? (हसू नका, हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो.)

जिलबी नकोच. पोह्यांत अडचण कांद्याची. कांद्याने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात, कच्चा असो की शिजवलेला. आणि इंदुरी पोह्यांवर तर तो मूठभर पेरलेला असतो. गोचीडतापाच्या अभ्यासात हिमोग्लोबिनच मोजत असतात. शनिवारी पोहे, सोमवारी रक्ततपासणी, आणि आकडा खाली. मग औषध नापास की कांदा पास, हे कुणी सांगायचं? सेव-मिठाचा त्रास वेगळाच.

तरी कुणीतरी देतंच. दिलं तर डायरीत लिहा, तारखेसकट. खंडूच्या डायरीत पाचव्या आठवड्यातल्या रविवारी, माझ्या नोंदीखाली ह्यांच्या अक्षरात एक ओळ आहे: ‘पोहे, दोन घास, कांदा वेचून.’ मला ती कोड उघडल्यानंतर दिसली.